कोरियाचा शिकारी सेनानी

१९०७ च्या सप्टेंबरमध्ये कोरियात बंदुका व दारूगोळा यांवर निर्बंध घालणारा एक कायदा झाला. १९०५ च्या तहाने जपानने त्या देशाचा परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतला होता. १९०७ च्या ऑगस्टात कोरियन सैन्यही मोडून टाकण्यात आले होते. आता रयतेजवळ उरलेली हत्यारे तेवढी काढून घ्यावयाची होती. उत्तरेकडील हामग्याँग प्रांतात वाघा-अस्वलांच्या शिकारीवर निर्वाह करणारे लोक होते. शेतकऱ्याला जसा नांगर, तशी त्यांना बंदूक. ती सरकारजमा करणे म्हणजे चूल विझविणेच होते. या शिकाऱ्यांनी बंदुका देण्याचे नाकारले, आणि त्यांचा म्होरक्या झाला होंग बॉम-दो.

होंगचा जन्म १८६८ मधला, प्याँगयाँगकडचा. आई त्याच्या जन्मानंतर लवकरच वारली. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी. तोही मुलाच्या लहानपणीच गेला. पोरका होंग प्रथम सैन्यात बिगुल वाजवीत असे. पुढे त्याने कागदाच्या कारखान्यात मजुरी केली, काही काळ कुमगांग पर्वतातील एका बौद्ध विहारात काढला आणि अखेरीस तो शिकारी झाला. कोरियातील प्रतिकाराची धुरा आरंभी बहुधा विद्वान, कुलीन मंडळींकडे होती. त्यांत हा निर्धन, अनाथ माणूस निराळा उठून दिसतो. विद्येचे व घराण्याचे पाठबळ त्याला नव्हते. डोंगरातील वाटांची माहिती आणि अचूक नेम एवढेच त्याचे भांडवल होते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हुछी खिंडीत दबा धरून त्याच्या शिकाऱ्यांनी जपानी तुकडीवर हल्ला चढविला. न्यायासाठी स्वेच्छेने उभे राहिलेल्या अशा लढवय्यांना कोरियन भाषेत ‘उइब्योंग’ म्हणतात. त्यांच्यापाशी तोड्याच्या जुनाट बंदुका होत्या आणि काडतुसांची सदैव चणचण होती. होंग हाती येत नाही असे पाहून १९०८ मध्ये त्याच्या पत्नीला पकडण्यात आले. पतीला शरण बोलावण्यासाठी तिचा छळ झाला आणि कैदेतच तिचा अंत झाला. त्याच वर्षी वडील मुलगा यांगसून लढताना पडला. होंगने शस्त्र खाली ठेवले नाही. मात्र दारूगोळा संपत आल्यावर त्याला सीमा ओलांडून रशियाच्या पूर्व मुलखाकडे जावे लागले. १९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला.

१९१९ च्या मार्चमध्ये कोरियन जनतेने स्वातंत्र्याचा निःशस्त्र घोष केला व तो निर्दयपणे दडपण्यात आला. त्यानंतर मांचुरियात सशस्त्र दले पुन्हा उभी राहिली. ७ जून १९२० रोजी तुमेन नदीपलीकडील फंगवूतुंगच्या खोऱ्यात होंग व त्याच्या साथीदारांनी पाठलागावर आलेल्या जपानी पलटणीला आत येऊ दिले आणि सभोवारच्या टेकड्यांवरून तिच्यावर गोळीबार केला. कोरियाच्या हंगामी सरकारने शत्रूचे १५७ सैनिक ठार झाल्याचे जाहीर केले. जपानी कागदपत्रांतील आकडा फारच लहान आहे. परंतु देशोधडीस लागलेल्या लोकांची फौज जपानच्या सैन्याला मागे रेटू शकते, हे त्या दिवशी दिसले. ऑक्टोबरमध्ये छिंगशानलीच्या डोंगरांतील लढायांत किम च्वा-जिनच्या फौजेबरोबर होंगचे दलही झुंजले. याचा सूड मात्र तेथील कोरियन खेड्यांवर उगविण्यात आला. घरे जाळली गेली, निरपराध माणसे मारली गेली. गनिमी युद्धाची ही किंमत नेहमी गावकरीच देत आले आहेत.

आश्रयासाठी ही दले सोव्हिएत हद्दीत गेली. तेथे १९२१ च्या जूनमध्ये स्वोबोद्नी या गावी त्यांच्यातील दुही विकोपास गेली. एका गटाला लाल सेनेच्या साहाय्याने निःशस्त्र करताना अनेक कोरियन कोरियनांच्याच डोळ्यांदेखत मारले गेले. पुढे या प्रकरणी नेमलेल्या न्यायमंडळात होंग बसला. १९२२ मध्ये मॉस्कोच्या परिषदेस गेला असता लेनिनकडून त्याला पिस्तूल भेट मिळाले. १९२७ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. तरीही १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकुमाने सुमारे १,७२,००० कोरियनांना आगगाडीत कोंबून मध्य आशियात हलविण्यात आले, तेव्हा हा वृद्ध सेनानीही त्यांतून सुटला नाही. कझाकस्तानातील किझिलोर्दा गावी कोरियन नाट्यगृहाचा रखवालदार म्हणून तो राहिला. १९४२ मध्ये त्याच नाट्यसंस्थेने त्याच्या चरित्रावरील नाटक रंगभूमीवर आणले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याचे निधन झाले. मायदेशाची मुक्ती आणखी दोन वर्षे दूर होती.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी, कोरियाच्या मुक्तिदिनी, त्याच्या अस्थी दक्षिण कोरियात आणण्यात आल्या आणि नंतर तेजोन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत सन्मानाने पुरण्यात आल्या. सोलच्या लष्करी अकादमीत २०१८ साली उभारलेल्या पाच स्वातंत्र्यवीरांच्या अर्धपुतळ्यांत त्याचाही एक होता. वापरलेली काडतुसे वितळवून ते ओतले होते. परंतु २०२३ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाशी असलेल्या संबंधाचे कारण देऊन, त्याचा पुतळा तेथून हलविण्याचे ठरविण्यात आले आणि देशभर वादळ उठले.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. स्वोबोद्नीचे रक्त आणि न्यायमंडळातील त्याचा सहभाग चरित्रातून पुसून टाकता येणार नाही. पण ज्या उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या वैराच्या मापाने त्याला मोजले जाते, ती राज्ये १९४८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी अस्तित्वात आली. होंगने पाहिला तो एकच अखंड कोरिया, आणि तोही परक्याच्या ताब्यातला. जपानला तो लुटारू वाटला, सोव्हिएत सत्तेने त्याला आधी गौरविले व नंतर हद्दपार केले, आणि स्वतंत्र कोरियात त्याच्या पुतळ्याच्या जागेवरून तंटा झाला. एवढ्या सत्तांच्या हिशेबात न बसलेल्या या माणसाची ओळख पटवावयाची तर पुन्हा १९०७ च्या त्या डोंगरांकडेच जावे लागते. आपली बंदूक परक्याच्या हवाली न करणाऱ्या शिकाऱ्यांकडे.