यांत्रिक नौकेची नाडीपरीक्षा



वसंतातील या व्याख्यानांना आपण येता ते साहित्य, इतिहास, समाजकारण यांवर चार शब्द ऐकावेत म्हणून. त्या पंक्तीला मोटारबोटीचे हादरे आणून बसविणे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु सुटीत मालवणला किंवा गोव्याला गेले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण वेगवान बोटीत हौसेने बसतात. ज्या यंत्राच्या हाती आपण घटकाभर आपला जीव देतो, त्याला दुखले-खुपले तर ते कसे बोलते, हे ठाऊक असणे वावगे ठरू नये.

प्रथम रचना पाहू. यांत्रिक नौकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आपल्या दृष्टीस पडतात. एकात इंजिन पोटात असते, त्याचा दांडा तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवितो आणि पंख्यामागचे सुकाणू दिशा बदलते. दुसऱ्यात सगळे इंजिनच बोटीच्या पाठीवर टांगलेले असते. मच्छीमारांच्या लहान होड्यांवर आपण ते पाहतो. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. इंजिन आत, पण अगदी मागच्या फळीला लागून. आणि फळीबाहेर पाण्यात उतरलेला एक पाय. या पायात शक्ती आधी आडवी जाते, मग दातेरी चाकांवरून खाली उतरते आणि पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. अमेरिकेतील जिम विन या अभियंत्याची ही कल्पना स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने 1959 साली 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने लोकांपुढे आणली.

या रचनेत सुकाणू नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. चक्र फिरविले की तो पायच डावीउजवीकडे वळतो. तोच पाय तेलाच्या दाबाने थोडा आत-बाहेर कलविता येतो. त्याला ट्रिम म्हणतात. ढकलणे, वळविणे आणि तोल सांभाळणे ही तिन्ही कामे एकाच अवयवाकडे! म्हणून हादरा असतो पंख्याचा आणि जाणवतो चक्रावरच्या हाताला. तोल बिघडतो वजनाने आणि आळ येतो इंजिनावर. रोग एकीकडे आणि कळ दुसरीकडे. अशा वेळी घाईने एकामागून एक भाग बदलीत जाणाऱ्या मालकाचा खिसा रिकामा होतो आणि हादरा मात्र जागच्या जागी राहतो.

मग करावे काय? चांगला वैद्य "काय झाले?" एवढे विचारून थांबत नाही. केव्हा दुखते, जेवणाआधी की नंतर, चालताना की निजताना, असे तो विचारीत जातो. बोटीलाही आधी 'केव्हा' हेच विचारावे.

पहिला प्रश्न असा : गिअर न टाकता, बोट उभी असतानाच हादरे येतात काय? येत असतील तर पंखा निर्दोष आहे, कारण तो फिरतच नाही. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, किंवा इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसविलेले असते त्या सैल झाल्या असतील. मात्र येथे एक बारकावा आहे. गिअर नसतानाही इंजिनातून पायात शिरणारा दांडा फिरत असतो. म्हणून इंजिन मंद चालवून चक्र सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. वळविताना घरघर किंवा टकटक वाढली, तर संशय त्या दांड्याच्या सांध्यांवर आणि त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगवर घ्यावा.

हे बेअरिंग बिघडते कशाने? सांध्यांभोवती रबराचा एक भाता असतो, लोहाराच्या भात्यासारखाच चुण्यांचा. उन्हाने आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्याच्या चुणीत भेग पडते, पाणी आत येते, वंगण धुऊन जाते आणि बेअरिंग गंजते. पाणी बोटीबाहेर ठेवणाऱ्या भिंतींपैकी हा भाता एक आहे. तो फाटला तर धक्क्याला बांधलेली बोटदेखील एका रात्रीत बुडू शकते. बेअरिंगची घरघर ऐकून नुसते बेअरिंग बदलणे म्हणजे गळते छप्पर तसेच ठेवून भिंत रंगविण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न : गिअर टाकल्यावरच हादरा येतो आणि वेगाबरोबर वाढतो काय? येथे थोडे गणित करू. इंजिन मिनिटाला 3,600 फेरे घेत आहे आणि पायातील चाके तो वेग निम्मा करतात, असे धरा. म्हणजे पंखा सेकंदाला 30 फेरे घेतो. एक पाते वाकलेले असेल तर दर फेऱ्याला एक, म्हणजे सेकंदाला 30 हिसके बसतील. वेग दुप्पट झाला की असमतोल वजनाचा जोर चौपट होतो. म्हणून मंद चालीत न कळणारा दोष वेगात दात वाजवितो. पण गंमत पाहा. अशा इंजिनातील एक सिलिंडर मुका झाला, तर तोही दोन फेऱ्यांत एकदा चुकतो. म्हणजे त्याचाही ताल सेकंदाला 30! ताल एक आणि रोग दोन. तेव्हा नुसत्या तालावरून निवाडा करू नये. तेथे साधा उपाय चालतो : शाबूत असलेला दुसरा पंखा लावून त्याच वेगाने, तेवढ्याच वजनाने पुन्हा फेरी मारावी. हादरा गेला, तर गुन्हेगार हाती सापडला.

तो राहिला, तर इंजिन बंद करून, किल्ली काढून पंखा उतरवावा. दांड्याच्या टोकाशी एक अणकुचीदार काडी स्थिर धरावी आणि दांडा हाताने फिरवावा. काडी व दांडा यांमधले अंतर कमीजास्त होत असेल, तर दांडा वाकला आहे. त्याच वेळी जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळला आहे काय, तेही पाहावे. तो दोरा तेल अडविणारी रबरी कडी कापतो. मग पायातील तेलात पाणी शिरून ते दुधाळ दिसू लागते. तेही नसेल, तर पाय उतरवून, इंजिन व पाय एका रेषेत आहेत की नाहीत हे पोलादी दांडीने तपासावे लागते. बेअरिंगमधून ती दांडी इंजिनाच्या खाचेत विनासायास सरकली पाहिजे. हे काम कारागिराचे. पण तेथवर पोहोचण्याआधीचे पुष्कळसे प्रश्न मालकाला स्वतः सोडविता येतात.

तिसरा प्रश्न : इंजिनाचे फेरे एकदम चढतात पण बोट पुढे रेटत नाही, असे केव्हा होते? तीव्र वळणावर किंवा पाय फार बाहेर कलविल्यावर होत असेल आणि पूर्वस्थितीला आणताच थांबत असेल, तर पंख्याने पृष्ठभागावरची हवा ओढली आहे. सरळ जाताना, पाय नीट खाली असताना, जोर देताच होत असेल, तर पंख्याच्या मध्यातील रबरी गाभा घसरत असावा. या हवेच्या प्रकाराला पुष्कळजण 'कॅव्हिटेशन' म्हणतात. ते खरे नव्हे. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येत नाही. पात्यावरील दाब फार उतरल्याने पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे होतात. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' 1894 साली याच कारणाने अपेक्षित वेग घेईना. त्याने पंख्यांचा कसून अभ्यास केला, एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे बसविले, आणि 1897 च्या स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तीच नौका सर्वांना मागे टाकून गेली. इंजिन तर आधीही दमदारच होते!

आता चालीचे दोष. मंद चालीत ही बोट थोडी डावीउजवीकडे भरकटते. तो तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे. दर वेळी चक्र फिरवून तिचा पाठलाग केला तर भरकटणे वाढतेच. वेगात पुढचे टोक वरखाली आपटू लागले, तर पाय आत घ्यावा आणि मागचे ओझे पुढे सरकवावे. उलट पाय फार आत असेल, तर टोक पाण्यात रुतून बोट अचानक वळू पाहते. दोन्ही करूनही चाल सुधारली नाही, तर तळाला पोक आले आहे काय, हे सरळ पट्टी लावून पाहावे. मात्र बंद बोटीचा पाय हाताने हलविला आणि तो चक्र न हलता खडखड हलला, तर ती बोट त्या दिवशी पाण्यात नेऊच नये. सुकाणू नसलेल्या नौकेला तोच पाय सुकाणू आहे, हे मी आधी सांगितलेच.

ताबा सुटणे म्हणजे काय, हे मुंबईने पाहिले आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या बोटीची रचना कोणती होती, हा आजचा प्रश्न नाही. पाण्यावर पायाखाली ब्रेक नसतो, एवढे त्यातून शिकावे.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्वस्त आणि परत फिरविता येईल अशी आधी बदला. काय बदलले आणि काय घडले ते वहीत लिहा. प्रवासी म्हणून बसलात आणि बोट चमत्कारिक थरथरू लागली, तर तांडेलाला निःसंकोच विचारा, "हे केव्हापासून?" जो चालक या प्रश्नाचे नेमके उत्तर देईल, त्याच्या बोटीत खुशाल बसा. जो हसून टाळील, त्याच्या बोटीतून उतरण्यात कमीपणा नाही.