क्रॅप्सचं टेबल, ऑड्स आणि रूममेटचं भाडं

मागच्या भागानंतर दोघातिघांनी विचारलं होतं, "लास वेगासला चाललोय, ते फाशांचं टेबल असतं ना, जिथे सगळे ओरडत असतात, तिथे नक्की काय चालतं?" त्या खेळाचं नाव क्रॅप्स. आज नियम सांगतो, आणि पूर्वी एकदा समजावताना माझ्याकडून काय राहून गेलं तेही सांगतो. त्याची किंमत माझ्या रूममेटने मोजली, सहाशे डॉलर. त्याला विचारूनच बोलतोय, फक्त नाव घेऊ नकोस म्हणाला.

सुरुवात दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यापासून. दोन फासे एकाच वेळी टाकले असता ३६ शक्यता. त्यात ७ ही बेरीज सहा प्रकारे येते, सगळ्यात जास्त. ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, ५ आणि ९ चार, ४ आणि १० तीन. २ आणि १२ एकेकदाच. हा तक्ता पाठ असला की अर्धा क्रॅप्स आला.

टेबलाभोवतीचा एक जण फासे टाकतो, तो शूटर. बाकीचे बहुतेक त्याच्या बाजूने पैसे लावतात, म्हणून तर एवढा आरडाओरडा. तुम्ही 'पास लाईन' लिहिलेल्या पट्ट्यावर चिप ठेवता. पहिली फेक म्हणजे कम-आऊट. ७ किंवा ११ आले तर लगेच जिंकलात, जेवढे लावले तेवढे मिळाले. २, ३ किंवा १२ आले तर गेले. बाकी काही आलं, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, तर तो आकडा 'पॉइंट' झाला. डीलर त्या आकड्यावर 'ऑन' लिहिलेली गोल चकती ठेवतो. आता पुन्हा तोच आकडा ७ च्या आधी यायला हवा. आला तर जिंकलात, आधी ७ आला तर हरलात आणि फासे पुढच्याकडे. गंमत बघा, मगाशी ज्या साताने जिंकवलं तोच आता वैरी.

'डोन्ट पास' ही जवळपास याच्या उलट बाजू. फक्त कम-आऊटला १२ आले तर कोणीच जिंकत नाही, तिथेच कसिनोची मेख आहे. पास लाईनवर कसिनोचा वाटा १.४१ टक्के, डोन्ट पासवर १.३६. म्हणजे गणिताने डोन्ट पास किंचित बरा, पण सगळं टेबल हरतं तेव्हा तुम्ही एकटे हसता. त्या नजरा मला काही झेपल्या नाहीत.

टेबलाची शिस्तही ऐकून ठेवा. नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. फासे एकाच हाताने उचलायचे आणि समोरच्या भिंतीला लागतील असे टाकायचे. आणि टेबलाशी उभं राहून 'सेव्हन' म्हणायचं नाही, अपशकुन मानतात. आपल्याकडची मांजर परवडली.

आता मुख्य गोष्ट, ऑड्स. पॉइंट ठरल्यावर पास लाईनच्या मागे आणखी चिपा ठेवता येतात. या बेटची जागा टेबलावर सहसा छापलेलीही नसते. का, तर यात कसिनोला काहीच सुटत नाही. पॉइंट ४ किंवा १० असेल तर एकाला दोन, ५ किंवा ९ ला दोनाला तीन, ६ किंवा ८ ला पाचाला सहा. शक्यतेच्या बरोब्बर प्रमाणात पैसे. कसिनोचा वाटा शून्य.

मी तेव्हा प्रोजेक्टसाठी फिनिक्सला होतो. आम्ही चौघं गाडीने वेगासला निघालो आणि वाटेत पाच तास मी सगळ्यांना हेच शिकवत होतो. पायथॉनमध्ये छोटं सिम्युलेशनही लिहिलं होतं, त्यामुळे अंगात मास्तर शिरलेला. "ऑड्स लावा रे, तिथे कसिनो तुमचं काही घेत नाही." हे माझं वाक्य. गणिताने बरोबर आहे, आजही.

त्या टेबलावर नियम होता ३-४-५ पट. म्हणजे दहा डॉलर पास लाईनवर असतील तर पॉइंट ४ किंवा १० ला मागे तीस, ५ किंवा ९ ला चाळीस, ६ किंवा ८ ला पन्नास डॉलरपर्यंत. रूममेट प्रत्येक वेळी पूर्ण लावत होता. जिंकला की सत्तर यायचे, सात आला की चाळीस, पन्नास, साठ जायचे. सुरुवातीचे दोनशे संपले. मग एटीएम. मग पुन्हा एटीएम. सव्वा तासात सहाशे. "अरे, तूच म्हणालास ना शून्य टक्के," तो म्हणाला. चिडून नाही, खरंच गोंधळून. ते पैसे त्याच्या वाट्याचं भाडं होतं.

घरी येऊन मी सिम्युलेशन पुन्हा उघडलं. सरासरी नुकसान मी छापलं होतं: दहा डॉलरच्या पास लाईनमागे चौदा सेंट, ऑड्स लावा किंवा लावू नका. पण वरखाली किती होईल हे छापलंच नव्हतं. ३-४-५ पट पूर्ण ऑड्स लावले की ते हेलकावे जवळजवळ पाचपट होतात. शून्य टक्के वाटा म्हणजे कसिनो त्यातून कमवत नाही, एवढंच. तुमचे पैसे सुरक्षित आहेत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. ही एक ओळ मी गाडीत सांगितली नाही. पाच तासांत.

कधीकधी हेलकावा दुसऱ्या बाजूलाही जातो. २००९ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कसिनोत पॅट्रिशिया डिमॉरो या बाईंनी बाद न होता सलग १५४ वेळा फासे टाकले, चार तासांहून जास्त. पण तशा रात्रीच्या भरवशावर भाडं ठेवता येत नाही.

मधल्या भागातले रंगीत चौकोन राहिले, ते पटकन उरकतो. 'एनी सेव्हन'ला एकाला चार मिळतात, खरी शक्यता एकाला पाचाची, म्हणजे कसिनोचा वाटा १६.६७ टक्के. 'हार्डवे' म्हणजे दोन्ही फाशांवर सारखा आकडा यायला हवा. तिथे ९ ते ११ टक्के. काठी घेतलेला माणूस सतत याच बेट ओरडून विकत असतो. तिकडे बघू नका.

भाडं त्या महिन्यात मी भरलं. त्याने तीन हप्त्यांत परत केलं, मी नको म्हणत असताना. तुम्ही जात असाल तर टेबलावर लिहिलेली किमान रक्कम बघा, ऑड्स धरून एका डावात किती जाऊ शकतात ते काढा आणि असे दहा डाव सलग हरलात तर किती होतात ते हॉटेलच्या खोलीतच कागदावर लिहा. आकडा बघून पोटात गोळा आला तर ऑड्स कमी करा. एटीएम कार्ड खोलीतच ठेवा, त्या मशीनची फीसुद्धा भरमसाट असते.

कम बेट आणि प्लेस बेट आज घेतल्या नाहीत, त्या पुढच्या भागात. प्रश्न नेहमीच्या ठिकाणी पाठवा.