हा निर्णय कमांडरचा नव्हे



महाराष्ट्रातील वकिलांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांच्या हाताखाली मी कोर्ट मार्शलचे काम शिकले, त्या दिवंगत ज्येष्ठांना वंदन करते आणि विषयाकडे वळते.

सैनिकी न्यायव्यवस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्या, असे संयोजकांनी मला सांगितले होते. सशस्त्र दल न्यायाधिकरण 2009 मध्ये सुरू झाले, मुंबईत त्याचे खंडपीठ आले. 17 फेब्रुवारी 2020 च्या बबिता पुनिया निकालाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशनचा मार्ग मोकळा झाला. या सगळ्यावर उद्याच्या सत्रांत जाणकार बोलतीलच. मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण ती माझ्या मनात फार वर्षे साचून आहे. गणवेशातल्या माणसाने गणवेशातल्याच माणसावर लैंगिक अत्याचार केला, तर खटला भरायचा की नाही, भरायचा तर कुठे आणि कोणत्या आरोपाखाली, हे आजही आरोपीचेच वरिष्ठ ठरवतात. हा अधिकार त्यांच्या हातून काढून घेतला पाहिजे.

आर्मी ॲक्ट, 1950 चे कलम 70 पुन्हा एकदा वाचा. सैनिकी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीवर सैनिकाने बलात्कार केला, तर तो सक्रिय सेवेत, परदेशात किंवा अधिसूचित सीमाचौकीवर नसल्यास कोर्ट मार्शलला तो खटला चालवताच येत नाही. तो फौजदारी न्यायालयातच चालतो. पण पीडित स्त्री स्वतः कॅप्टन असेल, तर ही तरतूद तिला लागू नाही. तिथे कलम 125 येते आणि खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा, हे आरोपी ज्या डिव्हिजनमध्ये किंवा ब्रिगेडमध्ये आहे तिथला कमांडर ठरवतो. कलम 126 खाली दंडाधिकाऱ्याने आरोपीला मागितले, तरी कमांडर प्रकरण केंद्र सरकारकडे पाठवू शकतो आणि मग सरकारचा शब्द अखेरचा. छावणीतल्या एकाच जिन्यावर समोरासमोर दोन घरे आहेत, असे समजा. एका घरात सैनिकाची पत्नी राहते, दुसऱ्यात महिला अधिकारी. पत्नीला देशातल्या कोणत्याही स्त्रीसारखे न्यायालय मिळते. जिने देशासाठी गणवेश चढवला, तिला ते मिळेलच असे नाही.

हे कागदावरचे भय नाही. सप्टेंबर 2021 मध्ये कोइमतूरच्या एअर फोर्स ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कॉलेजातील एका महिला अधिकाऱ्याने पोलिसांत बलात्काराची फिर्याद दिली. पोलिसांनी एका फ्लाइट लेफ्टनंटला अटक केली. हवाई दलाने आरोपीचा ताबा मागितला आणि काही दिवसांतच न्यायालयाने त्याला कोर्ट मार्शलसाठी हवाई दलाकडे सोपवले. न्यायालयाचे यात काही चुकले नाही. हवाई दलाच्या कायद्यातही हीच वाट आहे. माझे भांडण त्या वाटेशी आहे.

आपल्यातले काही स्नेही म्हणतात, फौजदारी न्यायालयांत वर्षानुवर्षे तारखा पडतात, कोर्ट मार्शल झटपट होते. मी एका महिला अधिकाऱ्याची वकील होते. तक्रार घेऊन ती गेली, तेव्हा पहिले उत्तर मिळाले, 'चॅनेलने या.' ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच त्या चॅनेलची पहिली पायरी होता. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीपुढे ती बोलली. समरी ऑफ एव्हिडन्सच्या वेळी तेच सगळे पुन्हा बोलली. दरम्यान साक्षीदारांच्या बदल्या झाल्या. एक गेला आसामला, दुसरा राजस्थानला. मग कलम 122 आडवे आले. कोर्ट मार्शलला तीन वर्षांची मुदत आहे. बंडाला, सैन्यातून पळून जाण्याला आणि फसवून भरती होण्याला ही मुदत लागू नाही, बलात्काराला आहे. फौजदारी न्यायालयात मात्र बलात्काराच्या खटल्याला मुदतीचा अडसर नाही. तेव्हा कोर्ट मार्शल झटपट असते, हे मला तरी कोणी सांगू नये.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. मी आरोपींच्या बाजूनेही उभी राहिले आहे. एका जेसीओचे प्रकरण मी लढवले. तो निर्दोष होता याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. सीओने ते प्रकरण आपल्या पातळीवरच मिटवले. पेन्शनवर जाईपर्यंत त्या माणसाच्या पाठीमागे लोक म्हणत राहिले, 'साहेबांचा माणूस होता, म्हणून सुटला.' न्यायाधीशाने निर्दोष ठरवले असते, तर तो ताठ मानेने गावी गेला असता. निर्दोष माणसालाही स्वतंत्र न्यायालयाचीच गरज असते.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. कमांडरचा अधिकार गेला की पलटण ढिली पडते, असे सांगतात. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मेजर एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाले, 'मॅडम, बराकीत चोर लपवला ना, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेटीला कुलूप लागतं.' शिस्तीबद्दल याहून खरे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा भरवसा वाटेनासा झाला, तर कसली पलटण?

आता आरोपपत्राकडे या. कलम 45 खाली अशोभनीय वर्तनाबद्दल अधिकाऱ्याला जास्तीत जास्त नामुष्कीची बडतर्फी होते, तुरुंगवास होत नाही. 2018 मध्ये एका महिला अधिकाऱ्याच्या लैंगिक छळाबद्दल जनरल कोर्ट मार्शलने एका मेजर जनरलला बडतर्फीची शिक्षा दिली आणि 2019 मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. व्यवस्था चालते, याचा पुरावा म्हणून हे उदाहरण माझ्यापुढे ठेवले जाते. त्या महिला अधिकाऱ्याने तक्रार लावून धरली, ते धैर्य तिचे होते. एकीच्या धैर्यावर व्यवस्था चालत नसते. तंबूत शिरून अंगावर हात टाकणाऱ्यावर केवळ अशोभनीय वर्तनाचा आरोप ठेवलेली आरोपपत्रे मी हाताळली आहेत. गुन्ह्याला शिष्टाचाराचा भंग ठरवण्याची मुभा कोणत्याही कमांडरला असता कामा नये.

आणखी एका माणसाविषयी आपण कधीच बोलत नाही. तो म्हणजे नुकताच भरती झालेला जवान. माण तालुक्यातला एक बाप मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलगा मान वर करत नव्हता. बाप एवढेच म्हणाला, 'गावात कळता कामा नये.' पीडित पुरुषाला अंतर्गत समितीचा कायदा लागू नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेच्या कलम 377 च्या जागी काहीच नाही. उरते ते आर्मी ॲक्टचे कलम 46, म्हणजे पुन्हा कमांडरचेच दार. संसदेने ही फट बुजवलीच पाहिजे.

न्यायमूर्ती वर्मा समितीने 23 जानेवारी 2013 लाच सांगितले होते, की सशस्त्र दलांतील व्यक्तींनी स्त्रियांवर केलेले लैंगिक गुन्हे सामान्य फौजदारी कायद्याखाली आणा. दंडसंहिता बदलली, आर्मी ॲक्टची ही कलमे तशीच राहिली. अमेरिकेत 1991 मध्ये लास वेगासला नौदल वैमानिकांच्या टेलहूक मेळाव्यातील अत्याचारांनी देश हादरला. तरीही असे खटले भरण्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे जायला 28 डिसेंबर 2023 उजाडला. कॅनडात लुईज आर्बर यांनी 2022 च्या अहवालात हे गुन्हे थेट नागरी न्यायालयांकडे द्या, असे सांगितले. या देशांची सैन्ये काही मोडून पडलेली नाहीत.

30 मे 2025 रोजी आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या. त्यांच्या आईबापांना आपण काय सांगणार आहोत?

परिषदेने या वर्षी काही कामे हाती घ्यावीत. कायदादुरुस्तीचा मसुदा करावा. जवान आणि महिला अधिकाऱ्यांसाठी सोप्या मराठीत पुस्तिका काढावी. पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी अशा छावण्यांच्या गावी विनामूल्य उभे राहतील अशा वकिलांची फळी उभारावी. तपशील कार्यकारिणी ठरवील. आणि पोलीस ठाण्यात 'हे मिलिटरीचं मॅटर आहे' असे ऐकून कोणी परत फिरू नये. बलात्काराची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम 199 खाली तुरुंगवास आहे, हे त्या टेबलासमोर उभे राहून सांगणे आपले काम आहे.

उद्याच्या समारोपात मी ठराव मांडणार आहे. पीडित व्यक्ती गणवेशात असो वा नसो, बलात्काराचा खटला फौजदारी न्यायालयातच चालावा. लैंगिक गुन्ह्यांपुरता कलम 125 चा अधिकार काढून घ्यावा. कलम 122 ची मुदत या गुन्ह्यांना लागू नसावी. हा ठराव एकमताने मंजूर करा आणि तो संरक्षण मंत्रालयाकडे व महाराष्ट्रातल्या प्रत्येक खासदाराकडे पोचवा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.