संगणक थिजतो तेव्हां

वास्तुशास्त्र शिकणारी एखादी मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्रीं संगणकावर आपल्या आराखड्यांतील इमारतीचा फेरफटका पाहूं लागते. पंखे घोंघावतात, आणि जिन्याशीं येतांच पडदा जागच्या जागीं थिजतो. ‘संगणक हँग झाला’ असें म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. कोणी व्हायरसास दोष देतो. कोणी नवें यंत्रच घ्यावें, असें सुचवितो. परंतु हँग होणें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. आणि निदानापूर्वीं औषध घेणाऱ्याचा पैसा बहुधा व्यर्थ जातो.

पत्र लिहितांना निमूटपणें चालणारें यंत्र चित्रांच्या वेळींच कां अडतें? साधारण पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. हलत्या चित्रांत ते सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. हें काम ग्राफिक्स कार्डाचें. लेखनाच्या वेळीं तें जवळजवळ झोंपलेलें असतें. पण भर कामांत मोठें कार्ड एकटेंच २०० ते ३०० वॅट वीज घेतें, व ती बहुतेक सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. एरवीं झांकलेलें वैगुण्य अशा वेळीं उघडें पडतें.

यंत्र अडतें कसें, हें प्रथम पाहावें. पडदा क्षणभर काळा होऊन काम पुन्हा सुरू झालें, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. ड्रायव्हर हा संगणक व कार्ड यांमधील दुभाषा होय. कार्डानें २ सेकंदांत उत्तर दिलें नाहीं, तर विंडोज सामान्यतः त्यास नव्यानें सुरू करतें. यंत्र एकाएकीं विझलें, तर पॉवर सप्लाय अपुरा पडत असावा किंवा उष्णता अति झाली असावी. तें मंदावत मंदावत अडलें, तर मेमरी कमी पडत असण्याचा संभव अधिक. मात्र सारेंच थिजून आवाजही एका सुरावर अडकला, तर केवळ लक्षणावरून निर्णय होत नाहीं. तेथें परीक्षा हवी.

परीक्षेचा आरंभ बिनखर्चाच्या उपायानें करावा. काम दुसऱ्या ठिकाणीं जतन करावें. यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्यांवरील धूळ झाडावी. टेबलाच्या बंद कप्प्यांत कोंबलेली पेटी मोकळ्या हवेंत आणावी. मग काम चालू असतां टास्क मॅनेजरमध्यें कार्डाचें तपमान पाहावें. त्यानंतर चित्राचा आकार कमी करावा; तेवढ्यानें थिजणें थांबलें, तर दोष भाराचा, म्हणजे बहुधा उष्णतेचा वा विजेचा. ड्रायव्हर बदलल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर पूर्वींचा परत बसवावा; नवें तें नेहमींच निर्दोष नसतें. शेवटीं विंडोजमधील चांचणीनें मेमरी तपासावी.

यांत एक पथ्य मात्र कडक आहे: एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत टिपून ठेवावा. चार उपाय एकदम केले, तर यंत्र कदाचित् सुधारेल. पण कशानें सुधारलें हें कळणार नाहीं, आणि पुढच्या परीक्षेच्या रात्रीं तें पुन्हा थिजलें, तर घर होतें तेथेंच उभें असेल. उलट, कप्प्याचें दार उघडल्यानेंच इमारतीचा फेरफटका जिन्यापुढें गेला, तर नव्या यंत्राचा खर्च वांचतो, आणि त्या मुलीची रात्रही वांचते.