रोजचं पन्नास ग्रॅम
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत एका पशुसखीने केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत चार जणींनी एकच विचारलं, म्हशीला काय घातलं म्हणजे दूध वाढेल? दुकानदार बाटली देतो, पावडर देतो, आपण घेतो. पिशवीतल्या पावडरीवर मी बोलणार आहेच, पण आधी गव्हाणीत काय पडतं ते बघू.

निघोजे, महाळुंगे, कुरुळीकडची किती रानं कंपन्यांत गेली, तुम्हाला ठाऊकच आहे. घरचा घास, मका कमी झाला. आता दावणीला येतं ते विकतचं उसाचं वाढं, नाहीतर भाताचा पेंढा. दोन्हींत ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम अडवून धरतं, म्हशीच्या अंगी लागू देत नाही. इकडं दुधातून मात्र लिटरमागं दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम रोज जातं. चाऱ्यातून मिळालं नाही की ती स्वतःच्या हाडांतलं देते. म्हणून वाढं घालायचंच असेल तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि सोबत थोडा तरी हिरवा चारा द्या.

दुसरं, कँटीनचा उरलेला भात. स्वस्त मिळतो म्हणून मीही एकदा घमेलंभर घातला. सकाळी बघते तर रवंथ बंद, शेण पातळ, दूध निम्म्यावर. एवढा भात एकदम गेला की पोटात आंबतो, आम्ल वाढतं, जनावर दगावूही शकतं. माझी वाचली, पण रतीब आठ दिवस बंद राहिला. मोशीतली दोन घरं तुटली ती तुटलीच.

आता पावडर. दुभत्या म्हशीला खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम आणि साधं मीठ तीस ग्रॅम, आंबोणात कालवून. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा पन्नास ग्रॅम तोलून घ्या आणि वाटीला खूण करा. किलोची पिशवी वीस दिवस जाते. किमतीला वीसनं भागा, रोजचा खर्च कळेल. घेताना पिशवीवरचा फॉस्फरसचा आकडा वाचा. बारा टक्क्यांच्या आसपास असावा. नुसतं कॅल्शियम असलेली पावडर म्हणजे खनिज मिश्रण नव्हे.

आठ दिवसांत बादली भरेल असं मी सांगणार नाही. याचा खरा फायदा माजात दिसतो. म्हैस व्याल्यावर तीन-चार महिन्यांत पुन्हा गाभण राहायला हवी. खनिजं कमी पडली की माज लांबतो. त्यात म्हशीचा माज मुका, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे येतो, आपण झोपेत असतो. माझी एक म्हैस आठ महिने राहिली नाही. पुढं ती आटली, तोवर पोटात काही नव्हतं. भाकड म्हैस चारा तेवढाच खाते. शेवटी चाकणच्या शनिवारच्या बाजारात मिळेल त्या भावात द्यावी लागली. म्हणून म्हैस आटली तरी, पावडर बंद करू नका. पोटातल्या रेडकालाही ती लागते.

बायपास फॅटचं बऱ्याच जणी विचारतात. ही चरबी कोठीपोटात न विरघळता पुढं जाते आणि म्हशीला ताकद देते. दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम, तेही नुकत्याच व्यालेल्या, जास्त दूध देणाऱ्या म्हशीलाच, पहिले तीनेक महिने. तीन लिटरच्या म्हशीला घालून पैसे घालवू नका. त्यापेक्षा पेंड मोजून द्या. अंगासाठी किलो-दीड किलो, वर दर दोन लिटर दुधाला एक किलो. आणि पाणी! कंपनीतून नवरा येईपर्यंत म्हैस तहानलेली उभी असेल तर कुठलीच पावडर कामाची नाही. दिवसाला साठ-सत्तर लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

ज्यांना खनिज मिश्रणाची मोठी पिशवी मिळून घ्यायची आहे त्यांनी गटाच्या सचिवाकडं नाव द्या. महिन्याला म्हशीमागं दीड किलो धरा. पुढच्या बैठकीला येताना आपापली म्हैस कधी व्याली ती तारीख कागदावर लिहून आणा.