भाड्याचे घर आणि घरातले सामान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मला चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण संसारात ज्याच्याशी गाठ पडते त्याविषयी बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. म्हणून भाड्याच्या घरातल्या बिघडलेल्या सामानाचा विषय घेतला आहे. आपल्यांत भाड्याने राहणाऱ्या भगिनी आहेत, तशा वरची खोली भाड्याने देणाऱ्याही आहेत. तेव्हा हे बोलणे दोघींसाठी आहे.

पूर्वी भाड्याची जागा म्हणजे चार भिंती, एक मोरी आणि फार तर एक दिवा. वाद व्हावयाचे ते गळक्या छपरावरून. आता नगरला एम.आय.डी.सी.त नोकरीस येणारी माणसे, कॉलेजात शिकणारी मुले, बदलीवर आलेली कुटुंबे यांना सामानासकट जागा हवी असते. मालकही पंखे, गिझर, फ्रीज, वॉशिंग मशीन देतात आणि भाडे त्या मानाने जास्त घेतात. यात गैर काही नाही. पण वस्तू म्हटली की ती कधीतरी बिघडणारच; आणि बिघडली की प्रश्न उभा राहतो, पैसे कोणी द्यावयाचे?

माझ्या मते याचे उत्तर साधे आहे. वापराने झीज झाली तर खर्च मालकाचा; हयगयीने मोडले तर भाडेकरूचा. अडचण एवढीच की, झीज कोणती आणि हयगय कोणती हे ठरवावे कसे?

आमच्या गल्लीतलीच गोष्ट सांगते. ऐन थंडीत एका बिऱ्हाडाचा गिझर बंद पडला. घरात तान्हे मूल. मालक म्हणाले, "तुम्ही आत पाणी नसताना चालू ठेवला आणि कॉइल जाळली." ती मुलगी रडकुंडीस आली. मी म्हटले, "भांडू नका. वायरमनला बोलवा आणि दोघांच्या देखत गिझर उघडा." उघडला तो कॉइलवर चुन्यासारखा पांढरा थर! आमच्याकडचे बोअरचे पाणी जड. ते तापले की त्यातला क्षार कॉइलवर बसतो. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि कॉइल आतल्या आत तापून जाते. ही वर्षानुवर्षांची झीज; सहा महिन्यांच्या बिऱ्हाडाचा तो दोष नव्हे. मालकांनी डोळ्यांनी पाहिले आणि खर्च दिला. जे काम चार दिवसांच्या वादाने झाले नसते, ते वायरमनच्या पान्याने झाले.

उलट माझ्या भाचीचे पाहा. जागा सोडतेवेळी फ्रीजच्या दाराचे रबर फाटले म्हणून तिच्या डिपॉझिटमधून पैसे कापले. रबर तिच्या आधीपासूनच फाटलेले होते. पण ते दाखवावयास कागदाचा चिटोरा नव्हता. खरे असूनही हरावे लागले.

आता कायद्याचे थोडेसे. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल, तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने लेखी नोटीस देऊनही १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा; मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. म्हणजे महिना ६,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाचे ७२,००० आणि त्यातले १८,००० पर्यंत. याच कायद्याने मालकाला भाडेकरूचे पाणी किंवा वीज विनाकारण तोडता येत नाही.

पण भगिनींनो, यावर विसंबून राहू नका. कायद्यातल्या 'जागे'त घराला बसविलेल्या वस्तू येतात. सुट्या फ्रीजचे किंवा वॉशिंग मशीनचे नाव तिथे नाही. शिवाय हल्ली बहुतेक जागा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिल्या जातात, आणि तिथे मुख्य भिस्त करारातल्या शब्दांवर असते. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांसाठी भाड्याच्या कायद्याचा एक नमुना मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. पण त्यात, दोघांत वेगळे ठरले नसेल तर, गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे घातली आहे! तेव्हा सांगणे एकच : किल्ली हातात घेण्याआधी लिहून घ्या.

काय लिहावे? प्रत्येक वस्तूचे नाव, कंपनी, ती चालू आहे की नाही, आणि कुठे ओरखडा वा तडा आहे तो. मशीन एकदा चालवून पाहावे, गिझरचे पाणी तापवून पाहावे. मोबाईलवर फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवावेत. कोणती दुरुस्ती कोणाची, हे वस्तूवार ठरवावे आणि ती यादी कराराला जोडावी. करार नोंदवून घेणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. घर देणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

वस्तू बिघडली की त्याच दिवशी कळवावे, आणि तोंडी सांगितले तरी मागून दोन ओळी लिहून पाठवाव्यात. रागाने भाडे थांबवू नये. त्याने आपली खरी बाजू लंगडी पडते. दुरुस्तीची पावती जपून ठेवावी. एका गोष्टीत मात्र वाट पाहू नये. गिझरला किंवा मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून वायरमन आणावा. पैशांचा हिशेब मागाहून होईल. गेलेला जीव परत येत नाही.

घर देणाऱ्या भगिनींना एक विनंती. जुना, कुरकुरणारा फ्रीज खोलीत ठेवून त्याचे भाडे घेऊ नका. जे आपल्या लेकीच्या बिऱ्हाडात चालले नसते, ते दुसऱ्याच्या लेकीला देऊ नये. आणि राहणाऱ्या भगिनींनीही, भाड्याचे म्हणून कसेही वापरू नये.

यादी मागितली तर मालकांना अविश्वास वाटेल, असा संकोच पुष्कळजणी करतात. पण वाण्याकडची उधारी आपण वहीत मांडतो, म्हणून का वाण्याशी वैर होते? मांडून ठेवले म्हणजेच जिव्हाळा टिकतो.