चूक दिसताच थांबणारा माग
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी व्याख्यानाचा विषय आहे ‘कामाची गुणवत्ता कशी वाढवावी’. देवाच्या मंडपात कारखान्यांची गोष्ट कशाला, असे कोणास वाटणे साहजिक आहे. परंतु चांगले काम ही केवळ कारखानदारांची बाब नव्हे. भाकरी थापणारी माऊली, शाळेतले गुरुजी, डेअरीवर दूध घालणारा शेतकरी, कचेरीतला कारकून, या सर्वांचा तिच्याशी रोजचा संबंध येतो. आणि या मंदिराचा जीर्णोद्धार मुळात का करावा लागला, हा प्रश्नही याच विषयात मोडतो.

सुरुवात एका सुताराच्या मुलापासून करणे योग्य होईल. जपानमधील यामागुची नावाच्या खेड्यात १८६७ साली साकिची तोयोदा यांचा जन्म झाला. त्यांनी मागावर राबणाऱ्या स्त्रियांचे कष्ट लहानपणापासून पाहिले होते. १८९१ साली त्यांनी सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट मिळविले. पुढे १८९६ साली त्यांनी यंत्रमाग तयार केला. त्याचा विशेष असा की, आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबे.

ऐकावयास ही बाब क्षुल्लक वाटते. पण धागा तुटूनही माग चालूच राहिला, तर वारच्या वार कापड सदोष विणले जाते. मग ते होऊ नये म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबू लागला, तेव्हा एका माणसाला अनेक मागांवर लक्ष ठेवता येऊ लागले आणि खराब कापडही निघेनासे झाले. १९२४ साली त्यांनी धावता माग न थांबविता धोटा बदलणारा स्वयंचलित माग सिद्ध केला. त्याचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, त्यालाच खेड्यातल्या सुतारपुत्राचे हक्क विकत घ्यावे लागले.

साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३७ साली टोयोटा ही मोटार कंपनी काढली. मागाचे तत्त्व तेथेही आले. कामाच्या रांगेवर दोरी बांधलेली असे. साध्या कामगारालाही दोष दिसला की त्याने ती ओढावी. मुकादम धावत येई आणि दोष निघाला नाही तर सर्व काम थांबे. पुढे काही ठिकाणी दोरीच्या जागी बटणे आली, पण तत्त्व तेच राहिले. दोरी ओढणाऱ्यावर कोणी डोळे वटारत नसे, हे त्यातले मर्म होय.

थांबल्यावर काय करावे, हे त्या कंपनीतील ताइची ओहनो यांनी शिकविले. त्यांची पद्धत साधी होती. ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारावयाचा. यंत्र बंद पडले. का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरले नाही. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का? पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तराशी थांबणारा नवा फ्यूज घालून घरी जातो आणि महिन्याने पुन्हा येतो. पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल स्वस्त आणि तकलादू म्हणून ओळखला जाई. १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी तेथील अभियंत्यांना व कारखानदारांना व्याख्याने दिली. माल तयार झाल्यावर वाईट नग बाजूला काढणे म्हणजे सुधारणा नव्हे. वाईट नग निघूच नये अशी कामाची रीत बसवा, असे त्यांचे सांगणे होते. छापील व्याख्यानांचे मानधन त्यांनी घेतले नाही. त्यातूनच १९५१ साली डेमिंग पारितोषिक सुरू झाले. आधी ठरवा, मग थोडे करून पाहा, मग तपासा आणि पटले तरच कायम करा, हे चार टप्प्यांचे चक्र तेव्हापासून सर्वत्र रूढ झाले.

डेमिंग यांचे गुरुस्थानी असलेले वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली आणखी एक मोलाची गोष्ट दाखविली. प्रत्येक कामात थोडा चढउतार असतोच. म्हशीच्या दुधाची फॅट आज ६.४ लागली, उद्या ६.२ लागली, तर लगेच पेंड बदलू नये, की डेअरीवाल्याशी भांडू नये. मात्र एकाएकी ५ लागली, तर त्याच दिवशी कारण शोधावे. महिनाभराच्या चिठ्ठ्या तारखेवार लावून ठेवणाऱ्यालाच नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड यांतला फरक कळतो. केवळ आठवणीवर चालणाऱ्याला तो कळत नाही.

आता या मंदिराकडे वळू. सभामंडपाच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल येई, हे ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे. दरवर्षी उत्सवाआधी तीवर चुन्याचा हात फिरे आणि भिंत पुन्हा पांढरीशुभ्र दिसे. ओल का येई? छतावर पाणी साठे. का साठे? पन्हळ तुंबलेली असे. का तुंबे? पिंपळाचा पाला त्यात कुजे, आणि त्यातच रुजलेल्या रोपाने पुढे दगडांचे सांधे फोडले. पाला वेळेवर का निघाला नाही? छत झाडण्याचे काम कोणाचे, हे ठरलेलेच नव्हते. पुजाऱ्यांना वाटे पंच पाहतील, पंचांना वाटे पुजारी पाहतील. दर उन्हाळ्यात एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम टळले आणि अखेर सांधा न् सांधा उकलावा लागला.

येथे एक पथ्य पाळावे लागते. प्रश्न ‘का?’ असा विचारावा, ‘कोणी?’ असा विचारू नये. ‘कोणी केले?’ असे विचारले की माणूस चूक झाकतो, भावकीत तेढ पडते आणि भिंतीवर पुन्हा चुना बसतो. समजा, एखाद्या कचेरीत दर आठवड्यास दहा अर्ज त्रुटीमुळे परत जातात. प्रत्येक अर्जामागे एका शेतकऱ्याचा मजुरीचा दिवस आणि एसटीचे भाडे बुडते. ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणणे सोपे आहे. पण दहांपैकी आठांनी तोच रकाना चुकविला असेल, तर दोष लोकांचा नसून रकान्याचा आहे. तेथे नीट भरलेला नमुना भिंतीवर लावला, तर पुष्कळ हेलपाटे वाचतील.

कामगारांनी एकत्र बसून आपल्याच कामातले दोष शोधावेत, यासाठी जपानमध्ये १९६२ पासून गुणवत्ता मंडळे निघाली. आपल्या देशात हैदराबादजवळील रामचंद्रपुरम येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात १९८० साली हा प्रयोग झाला. गावाला असे मंडळ नवे नाही. भजनानंतर पारावर बसणारी मंडळी महिन्यातून एकदा वही घेऊन बसली की झाले.

या मंदिराच्या दगडांत मोलमजुरी करणाऱ्या बायांचा एकेक दिवसाचा रोज आहे आणि मुंबईत खोलीभाडे भरून उरलेल्या पगारातून आलेली मनिऑर्डर आहे. एवढा पैसा पुन्हा सहजी उभा राहणार नाही. म्हणून कलश चढला तरी काम संपले असे समजू नये. पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छत झाडावे. कोणी झाडावयाचे त्याचे नाव आधी वहीत लिहावे आणि झाल्यावर तारीख घालावी. भिंतीवर ओलीचा ठिपका पहिल्यांदा ज्याला दिसेल, मग तो शाळकरी पोर का असेना, त्याने मोठ्याने सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी त्याला शाबासकी द्यावी.

ग्रामदैवत सर्वांना ती बुद्धी देवो, एवढी प्रार्थना.